घरच्या बिअरला नायट्रो नळ: घ्यावा की नाही?



दिवाळीच्या सुमारास कुळगीच्या एका सभासद कुटुंबाकडून मंडळाकडे प्रश्न आला. घराला लागून त्यांच्या तीन खोल्या आहेत. काळी व्याघ्र प्रकल्प पाहायला येणारे पाहुणे तिथे उतरतात. मुलगा गेली काही वर्षे अमेरिकेत, ऑरेगनमध्ये. तिथे तो गॅरेजमध्ये स्वतःची बिअर करतो, आणि आता त्याला तिच्यासाठी नायट्रो नळ घ्यायचा आहे. इतकेच असते तर प्रश्न त्याचा त्याच्यापाशी राहिला असता. पण पुढच्या खेपेला येताना तसाच दुसरा नळ बॅगेत घालून कुळगीला आणायचा आणि पाहुण्यांना "आपल्या घरची" बिअर द्यायची, असा त्याचा बेत होता. वडिलांनी आम्हाला एका ओळीत विचारले, "हे इथे चालेल का?" मुलाचे विचारणे वेगळे होते: "तिथे तरी पैसे घालण्यासारखे आहे का?"

इंग्लंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या सभासदांनीही अधूनमधून याबद्दल विचारले आहे, म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र लिहून ठेवत आहोत. आमच्यातले दोघे परदेशात असताना हा उद्योग करून बसलेले आहेत, त्यामुळे काही गोष्टी हात पोळून शिकलेल्या आहेत.

आधी कायदा

कुळगीपुरते उत्तर सरळ आहे. बिअर करता येणार नाही. कर्नाटक अबकारी कायदा १९६५ चा आहे आणि त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. घरच्यापुरते केले, विकले नाही, पाहुण्यांना फुकट दिले, या सबबी तिथे चालत नाहीत. महाराष्ट्रातही घरी मद्य गाळण्याला वा आंबवण्याला मोकळीक नाही. गोव्यात काजूची फेणी गावोगाव निघते म्हणून तिथे सगळे खुले असेल, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. पण तिथल्या भट्ट्याही परवान्यानेच चालतात. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झाली आणि ताजी बिअर तिथेच करून तिथेच देण्याची पद्धत आपल्याकडे रुळली. तोही परवान्याचा कारभार. घरच्या डब्यातला नव्हे.

त्यातून कुळगी म्हणजे जंगलाच्या पोटातले गाव. दांडेलीहून अंबिकानगरच्या रस्त्यावर, शेजारी वनखात्याचे निसर्ग शिबिर, येणारे-जाणारे सगळे डोळ्यांसमोर. पाहुणा हौसेने फोटो काढणार आणि रात्रीच्या आत तो चार ठिकाणी पोचणार. खोल्यांची नोंदणी ज्यांनी वर्षभर खेटे घालून मिळवली आहे, त्यांनी ती एका नळापायी धोक्यात घालू नये, असे आम्ही स्पष्टच कळवले.

परदेशातली गोष्ट निराळी. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्या वापरासाठी बिअर करायला परवाना लागत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने मुभा मिळाली: घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन. राज्यांचे नियम त्यावर वेगळे. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्ये २०१३ मध्ये सर्वांत शेवटी आली. विक्री मात्र चालत नाही. हे आमच्या परदेशी शाखांनी ध्यानात ठेवावे, कारण तिकीट लावलेल्या कार्यक्रमात "घरची बिअर मोफत" ठेवणे ही विक्रीच धरली जाण्याची शक्यता असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणी हे करणार नाही, पण उन्हाळी सहलीला अशी कल्पना निघाल्याचे आम्ही ऐकले आहे. आखाती देशांतल्या सभासदांना याविषयी वेगळे सांगायला नकोच.

हा नळ करतो काय?

साध्या बिअरमध्ये विरघळलेला असतो तो कार्बन डायऑक्साइड. जिभेला टोचणारी चुरचुर त्याची. नायट्रोजन पाण्यात त्याच्या पन्नास पटींहूनही कमी विरघळतो. म्हणून तो बिअरमध्ये नावालाच उतरतो, आणि बाहेर पडताना अगदी बारीक बुडबुडे करतो. हवेतही बहुतांश नायट्रोजनच असल्यामुळे हे बुडबुडे लवकर विरत नाहीत, एकमेकांना गिळून मोठे होत नाहीत. ग्लासावर सायीसारखा दाट थर बसतो आणि पेय जिभेला मऊ लागते.

ही युक्ती आयर्लंडच्या गिनेस कंपनीची. तिथे कामाला असलेले मायकेल ॲश हे मूळचे गणिती. त्यांनी नायट्रोजन मिसळून पिंपातून बिअर देण्याची पद्धत बसवली आणि ती १९५९ मध्ये बाजारात आली. नळाच्या तोंडात बारीक भोकांची एक चकती असते. बिअर जास्त दाबाने त्या भोकांतून रेटली जाते, तिथे तिची घुसळण होते आणि विरघळलेला वायू एकदम सुटतो. ताक घुसळल्यावर रवीभोवती फेस जमतो, तसलाच प्रकार, फक्त निमिषात. ओतल्यावर ग्लासाच्या कडेचे बुडबुडे वर जायच्या ऐवजी खाली सरकताना दिसतात. आमच्या घरच्या मुलांना बिअरमध्ये रस नव्हता, पण हे बघायला ती धावत यायची. लिमरिक विद्यापीठातल्या गणितज्ञांनी २०१२ मध्ये दाखवले की याचे कारण ग्लासाचा वर रुंद होत जाणारा आकार. मधोमध बुडबुडे दाटीने वर जातात, द्रवाला सोबत ओढतात, आणि तोच द्रव कडेने खाली परतताना तिथल्या बुडबुड्यांना खाली नेतो.

आता मुख्य सवाल. हे सगळे आपल्या बिअरला हवे आहे का?

स्टाउट, पोर्टर, इंग्लिश बिटर, ओट घातलेली काळी बिअर, यांना नायट्रो खुलवतो. भाजलेल्या धान्याचा कडवटपणा त्याने गोल होतो. पण हॉप्सच्या वासासाठी केलेली आयपीए नायट्रोवर दिली तर तो वास दबतो. गव्हाची, आंबट किंवा हलकी लागर या नळातून बेचव लागते. ज्याच्या पिंपात वर्षातून दहा वेळा आयपीए आणि एकदा स्टाउट असते, त्याने हा नळ घेऊ नये. हा आमचा साधा निकष आहे आणि पुढचे न वाचता इथेच निर्णय घेतला तरी चालेल.

पैसे घालण्याआधी एक गंमत करून पाहा. औषधाची नवी, सुई नसलेली सिरिंज घ्या. स्टाउट ग्लासात ओता, थोडी हलवून चुरचुर कमी करा, सिरिंजमध्ये दहा मिलिलिटर ओढून घ्या आणि जोराने परत त्याच ग्लासात सोडा. दाट फेस उसळतो आणि पेय क्षणात मऊ होते. अगदी नळासारखे नाही, पण आपल्याला ती चव आवडते का हे कळण्यापुरते पुरेसे. आमच्यातल्या एकाला ती आवडली नाही. त्याचे तीनेकशे डॉलर वाचले.

दाबाचे गणित

इथे जरा सावकाश वाचा, कारण बहुतेकांचे पहिले पिंप इथेच बिघडते.

बिअरसाठी शुद्ध नायट्रोजन वापरत नाहीत. तयार मिश्रण मिळते, बहुधा ७५ टक्के नायट्रोजन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दाब ठेवायचा ३० ते ४० पीएसआय. साध्या बिअरला १० ते १२ पुरतो. आकडा पाहून भीती वाटते, पण सोड्याचे १९ लिटरचे स्टीलचे पिंप याहून कितीतरी जास्त दाबासाठी बनवलेले असते. काचेची सुरई किंवा बरणी मात्र कधीही अशा दाबाला जोडू नये. ती फुटते, आणि काच कुठे जाईल सांगता येत नाही.

समजा काटा ३५ दाखवतो. त्यात बाहेरच्या हवेचा १४.७ मिळवा, म्हणजे खरा दाब झाला जवळपास ५०. त्यातला पाव हिस्सा कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे साडेबारा. हा साध्या हवेच्या दाबापेक्षाही कमी आहे! चार अंश सेल्सिअसला एवढ्या दाबाने बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सव्वापट कार्बन डायऑक्साइड राहतो. नेहमीच्या बिअरमध्ये तो अडीचपट असतो. म्हणजे नायट्रो बिअरला निम्माच वायू लागतो, आणि २० अंशांवर आंबवून झालेल्या बिअरमध्ये त्यातला पाऊणपटीहून थोडा जास्त आपोआपच उरलेला असतो. वरून घालायचा तो अगदी थोडा.

आम्ही काय केले? नेहमीच्या सवयीने पिंप आधी अडीचपटीपर्यंत भरले आणि मग त्याला नायट्रो नळ लावला. चकतीतून निघाला तो नुसता फेस. पाहुणे बसलेले, आणि एकेका ग्लासासाठी दहा-दहा मिनिटे. नळाला दोष दिला, चकती काढून धुतली, दाब कमी केला, तर आणखी फेस. शेवटी पिंपाची झडप दोन दिवस थोडी थोडी उघडून वायू सोडला तेव्हा ते ताळ्यावर आले. तेव्हा क्रम असा ठेवा: बिअर थंड करा, लागलाच तर किंचित कार्बन डायऑक्साइड द्या, मग मिश्र वायूवर ३५ च्या आसपास चार-पाच दिवस ठेवा. नायट्रोजन आळशी आहे, त्याला वेळ लागतो. पिंप अधूनमधून हलवले तर लवकर होते.

नळाची चकती दर पिंपानंतर खोलून धुवावी लागते. भोके इतकी बारीक असतात की हॉप्सचा एक कण अडकला तरी धार वाकडी येते. नळ घ्यायचा तर पूर्ण स्टेनलेस स्टीलचा घ्या. वरून चकचकीत मुलामा दिलेला पितळी नळ आंबट पेयाने आतून खराब होतो.

खर्च ढोबळ सांगायचा तर अमेरिकेत नळ, वेगळा रेग्युलेटर आणि छोटा सिलिंडर धरून अडीचशे ते चारशे डॉलरच्या दरम्यान बसतो. रेग्युलेटर वेगळाच लागतो: तिथे कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला सीजीए ३२० ची जोडणी असते, नायट्रोजनच्या सिलिंडरला सीजीए ५८०. हे आटे मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब साधारण ८०० पीएसआय. नायट्रोजन वायूच राहतो आणि भरलेल्या सिलिंडरमध्ये तो २,००० च्या पुढे असतो. मधला तुकडा लावून जुना रेग्युलेटर चालवणाऱ्याची हुशारी त्याच्याच तोंडावर उडू शकते.

वायू किती पुरतो हेही पाहा. ३५ च्या दाबावर १९ लिटरचे पिंप रिकामे करायला सुमारे ६५ लिटर वायू जातो. २० घनफुटांच्या लहान सिलिंडरमध्ये ५६६ लिटर असतो. म्हणजे कागदावर आठ-नऊ पिंपे, गळती धरून सहा-सात. याउलट ५ पौंडांच्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमधून बाराशे लिटरांवर वायू निघतो. नायट्रोचा सिलिंडर भरायला वारंवार जावे लागते, आणि भरून देणारे दुकान गावाबाहेर तीस मैलांवर असेल तर ही हौस दुसऱ्या वर्षी अडगळीत जाते. दुकान कुठे आहे ते आधी पाहा, नळ मागून.

ऑरेगनच्या मुलाचे उत्तर यातूनच निघाले. तो हिवाळाभर स्टाउट करतो, दुकान जवळ आहे, आणि त्याच्याकडे दोन पिंपांची जागा असलेला फ्रीज आहे. त्याने जरूर घ्यावा, असे आम्ही कळवले.

कुळगीत मग काय?

कायद्याचे ऐकल्यावर मुलाचा पुढचा प्रश्न आला. बिअर नाही तर कॉफी? हा प्रश्न चांगला होता. थंड पाण्यात भिजवून काढलेली कॉफी नायट्रोवर देण्याची पद्धत अमेरिकेत मागच्या दशकात रुळली, स्टारबक्सने ती २०१६ मध्ये घेतली, आणि तिला मद्याचा कायदा लागत नाही. नळ तोच, चकती तीच. वायू मात्र शुद्ध नायट्रोजन, कारण कार्बन डायऑक्साइडने कॉफी आंबट होते. दूध-साखर न घालताही ती दुधाळ लागते, म्हणून ज्या पाहुण्यांना दूध चालत नाही त्यांनाही देता येते.

करायची रीत अशी. एक लिटर पाण्याला १०० ते १२५ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, फ्रीजमध्ये १४ ते १८ तास, मग आधी कपड्यातून आणि नंतर कागदी गाळणीतून गाळायची. आपली नेहमीची फिल्टरची पूड इथे नको. ती बारीक असते, तिच्यात बहुधा चिकोरी असते, आणि गाळ चकतीत जाऊन बसतो. पिंपात भरून ४० च्या आसपास दाबावर रात्रभर ठेवावी, मधूनमधून हलवावी.

सासूबाईंनी सुचवले, "मग सोलकढी का नको?" आम्ही हसलो, पण विचार केला. नारळाचे दूध थंडीत साकळते, वर लसूण-मिरचीचे कण, आणि एकदा का त्या नळीत लसूण शिरली की पुढचे सहा महिने कॉफीलाही तोच वास. नाही. कोकम सरबत नायट्रोवर सपक लागते. त्याला चुरचुरच शोभते, तेव्हा ते साध्या सोड्याबरोबर द्यावे.

कॉफीबाबत एक गंभीर गोष्ट. कॉफीची आम्लता सौम्य असते. पीएच ५ च्या आसपास. ४.६ च्या वरच्या पदार्थात, जिथे हवा नाही अशा बंद जागी, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू वाढून विष तयार करू शकतो. नायट्रोजन भरलेले पिंप म्हणजे नेमकी तशी जागा. २०१७ मध्ये 'डेथ विश' या अमेरिकी कंपनीने याच शंकेवरून आपले नायट्रो कॉफीचे डबे बाजारातून परत घेतले होते. कोणी आजारी पडले म्हणून नव्हे, धोका संभवतो म्हणून. घरच्या पिंपाला उपाय एकच: पहिल्यापासून शेवटपर्यंत ५ अंशांच्या खाली. आम्ही आठवड्याच्या आत संपवतो. बाटलीत भरून पाहुण्यांना बांधून देत नाही, कारण ती गाडीत किती वेळ राहील ते आपल्या हातात नसते.

आणि कुळगीचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. झाड पडले की वीज जाते, कधी परत येईल याचा भरवसा नाही. चार तासांहून जास्त वेळ पिंप गरम राहिले, तर ओतून द्यायचे. वास बरा येतो म्हणून ठेवायचे नाही. हे विष वासावरून कळत नाही. इन्व्हर्टरवर फ्रीज चालत नसेल, तर जून ते सप्टेंबर हा नळ बंदच ठेवावा. तसेही तेव्हा पाहुणे गरम चहाच मागतात.

खोली कोणती?

या कुटुंबाशी सगळ्यात जास्त बोलणे झाले ते सिलिंडरच्या जागेवरून. अमेरिकेतले लहान सिलिंडर आपल्याकडे सहज मिळत नाहीत. हुबळी-बेळगावकडे वायू पुरवणारे आहेत, पण ते कारखान्यांना देतात तो उंच सिलिंडरच देऊ करतात. त्यात ७ घनमीटर वायू असतो, १५० बार दाबाने. शंभरेक पिंपांना पुरेल एवढा! "एकदा आणला की दोन वर्षे बघायला नको," असे वडिलांना वाटले. तो ठेवायचा होता स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीत. दहा बाय दहाची खोली, एक लहान खिडकी, पावसात बंद. आणि दुपारी आजी तिथेच चटई टाकून लवंडतात, कारण ती खोली घरात सर्वांत थंड.

आम्ही हिशोब करून दाखवला. दहा बाय दहा, उंची नऊ फूट, म्हणजे साडेपंचवीस घनमीटर हवा. रेग्युलेटरचा वॉशर गेला आणि अख्खा सिलिंडर त्या बंद खोलीत सुटला, तर हवेतला प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून १६ च्या आसपास येतो. १९.५ च्या खाली हवा धोकादायक मानतात. १६ च्या खाली विचार करण्याची आणि हालचाल सावरण्याची शक्तीच कमी होते. म्हणजे उठून बाहेर जावे हे सुचायलाच उशीर होतो.

याहून वाईट म्हणजे कळत नाही. आपल्याला गुदमरल्यासारखे वाटते ते शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. प्राणवायू कमी पडला म्हणून तसे वाटत नाही. नायट्रोजनने भरलेल्या खोलीत श्वास नेहमीसारखा आत-बाहेर होत राहतो, वास नाही, खोकला नाही, डोळ्यांत पाणी नाही. गॅसच्या शेगडीला मुद्दाम उग्र वास घातलेला असतो, म्हणून आपण वासावर विसंबायला शिकलो आहोत. इथे ती सवय उपयोगाची नाही.

तोच हिशोब २० घनफुटांच्या छोट्या सिलिंडरने केला तर त्याच खोलीत प्राणवायू २०.४ च्या आसपास राहतो. मात्र तोच छोटा सिलिंडर जिन्याखालच्या पाच बाय चारच्या कपाटवजा जागेत सुटला, तर साडेअठराच्या खाली जातो. गाडीच्या बंद डब्यात तर त्याहून. म्हणून सिलिंडर आणताना काचा खाली ठेवा, आणि वाटेत जेवायला थांबलात तर मुले गाडीत झोपवू नका.

आजींची खोली आजींचीच राहिली. सिलिंडर घ्यायचाच तर पुरवठादाराकडे मिळेल तो लहानात लहान, खाद्यपदार्थांसाठीच्या दर्जाचा, तसे लिहून घेऊन. उभा, भिंतीला साखळीने बांधून, मागच्या उघड्या पडवीत पत्र्याखाली. आत येईल ती फक्त बारीक नळी. रात्री मुख्य झडप बंद. दर वेळी जोडल्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायचे. मुख्य झडप उघडण्याचे काम घरातल्या दोघांनीच करायचे, पाहुण्यांच्या हौशी मुलांनी नाही.

दोन गल्लती टाळा. केकवाल्यांकडे क्रीम फुगवायच्या लहान पुंगळ्या मिळतात, त्यात नायट्रस ऑक्साइड असतो. तो नायट्रोजन नव्हे, त्याचा गुण वेगळा, आणि हुंगण्यासाठी त्याचा गैरवापर होतो. घरात तरुण मुले असतील तर त्या आणूच नयेत. दुसरी गल्लत द्रव नायट्रोजनची. लग्नांत आणि जत्रांत धूर निघणारी बिस्किटे मिळत, त्यावरून २०२४ मध्ये कर्नाटकात बरीच चर्चा झाली. तो उणे १९६ अंशांचा द्रव असतो आणि पोटात गेला तर जठर फाडू शकतो. नळातल्या वायूचा त्याच्याशी फक्त नावापुरता संबंध. पण पाहुणा विचारतोच, तेव्हा उत्तर माहीत असावे. पाहुण्यांना पैसे घेऊन खायला-प्यायला देणाऱ्या घरांना खाद्य सुरक्षेची नोंदणी लागते, त्या यादीत ही कॉफीही येते, हेही जाता जाता.

या कुटुंबाने सध्या काय ठरवले ते विचारणारे फोन आले, म्हणून लिहितो. मुलाने ऑरेगनमध्ये नळ बसवला आणि पहिल्या स्टाउटचा फोटो पाठवला; वर साय चांगली जमली होती. कुळगीसाठी सिलिंडर अजून घेतलेला नाही. आधी एक हंगाम थंड कॉफी साधीच, बर्फ घालून द्यायची, किती पाहुणे दुसरा ग्लास मागतात ते वहीत मांडायचे, आणि दिवसाला दहाच्या वर गेले तरच पडवीत साखळीचा हूक ठोकायचा. जानेवारीअखेर वहीत सगळ्यात जास्त नोंदी कोकमाच्या आहेत.